शाळेत राहून गेलेल्या गोष्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्गाबाहेरच्या उपक्रमांत भाग घ्यावा का, हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, पालक विचारतात आणि शाळा सोडून वीस-पंचवीस वर्षं झालेली माणसंही विचारतात. शेवटच्यांचा सूर थोडा वेगळा असतो, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

शाळा संपून इतकी वर्षं झाली. केलेल्या चुका विसरलो, पण न केलेल्या गोष्टी अजून का आठवतात?

तुम्ही एकटे नाही. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ च्या सुमारास नेमका हाच प्रश्न हाती घेतला होता. त्यांना दिसलं ते असं: नजीकच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टी जास्त टोचतात, पण आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टी वरचढ ठरतात. कारण समजायला अवघड नाही. नाटकात वाक्य विसरलात तर आठवडाभर तोंड लपवावंसं वाटतं. मग कधीतरी तो किस्सा होतो, तुम्हीच तो रंगवून सांगता आणि प्रकरण मिटतं. ज्या नाटकात कामच केलं नाही त्याचा किस्सा होत नाही. त्याला शेवट नसतो, त्यामुळे मन त्याचे हवे तेवढे शेवट रचत बसतं, आणि सगळे तुमच्याच बाजूचे.

माझं सांगतो. आठवीत असताना नाटकासाठी नावं द्यायचा कागद सूचनाफलकावर लावला होता, शेजारी दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. मधल्या सुट्टीत कोणी नाही असं बघून मी नाव लिहिलं. शाळा सुटताना परत गेलो आणि खोडरबराने खोडलं. कागद खडबडीत होता, त्यामुळे नाव नीट गेलंच नाही, नुसतं पुसट झालं. तो करडा डाग आठवडाभर तिथे होता. तालमीचे सर मात्र जाड भिंगाचा चष्मा लावायचे, त्यांना तो दिसला नाही.

मला कशाचीच खास आवड नाही. मग कशात नाव देऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझ्या मते तो उलट्या टोकाने विचारला जातो. आवड आधी सापडते आणि मग माणूस त्या गोष्टीकडे जातो, असं आपण धरून चालतो. बहुतेकांच्या बाबतीत आधी जाणं होतं, तेही भलत्याच कारणाने. मित्र गेला म्हणून, घरी लवकर जायचं नव्हतं म्हणून, पाऊस होता आणि व्यायामशाळेला छप्पर होतं म्हणून.

नीरज चोप्राचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यातला हा भाग कोणी फारसा सांगत नाही. लहानपणी अंगाने जाड होता, वजन कमी व्हावं म्हणून घरच्यांनी त्याला पानिपतला व्यायामाला पाठवलं. तिथल्या मैदानावर काही मुलं भाला फेकताना दिसली. पुढे २०२१ मध्ये टोकियोला त्याने ८७.५८ मीटर फेक करून सुवर्णपदक घेतलं. घरून निघताना भाल्याची आवड वगैरे काही नव्हती. महेंद्रसिंह धोनी शाळेत फुटबॉलचा गोलकीपर होता. क्रिकेटच्या संघाला यष्टिरक्षक हवा होता, म्हणून त्याला तिकडे बोलावलं गेलं. तुम्ही नीरज किंवा धोनी व्हाल असा याचा अर्थ नाही (होणारही नाही बहुधा, आणि त्याने काही बिघडत नाही). पण आवडीची वाट बघत फलकासमोर उभं राहण्यात हशील नाही.

ठरवता येत नसेल तर विषयाऐवजी कामाचा प्रकार बघा. तुम्हाला एकट्याने काहीतरी खरवडत बसायला बरं वाटतं की चार जणांत? हात चालवायला आवडतं की बोलायला? चित्रकला आणि बुद्धिबळ हे विषय लांबचे, पण दोन्हीकडे शांत बसावं लागतं. समूहगान आणि रिले शर्यत, दोन्हीकडे दुसऱ्याच्या वेळेशी आपली वेळ जुळवावी लागते. यातून निवड निम्म्यावर येते.

मला जमत नाही. सगळे हसतील.

थोडे हसतील. खोटं कशाला सांगू.

पण किती जणांचं लक्ष असेल, याचा तुमचा अंदाज बहुधा चुकतोय. याच गिलोविच यांनी सहकाऱ्यांबरोबर एक गमतीदार प्रयोग केला होता. तो २००० साली प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या एका विद्यार्थ्याला एका गायकाचा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट देऊन इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचं. मग त्याला विचारायचं, शर्टावर कोण होतं हे किती जणांच्या लक्षात आलं असेल? टी-शर्ट घालणाऱ्यांचा सरासरी अंदाज होता, जवळपास निम्म्या. प्रत्यक्षात ज्यांच्या लक्षात आलं ते पाव भागाच्या आसपास. प्रत्येक जण आपल्याच टी-शर्टच्या काळजीत असतो.

शाळेत हे आणखी खरं. तुमची वक्तृत्वातली फजिती बाकीच्यांना सोमवारपर्यंत पुरते, कारण सोमवारी दुसऱ्या कोणाची तरी झालेली असते. जो मुलगा महिनाभर तोच विषय काढत राहतो, तो स्वतः कशातच भाग घेत नाही असं माझं निरीक्षण आहे. याला पुरावा नाही, नुसता अनुभव.

आणि एक गोष्ट शाळेतच मिळते: वाईट असण्याची सूट. चौदाव्या वर्षी बेसूर गाणाऱ्याला कोणी "कशाला गातोस" असं फार गांभीर्याने विचारत नाही. शिकतोय, असं धरून चालतात. चाळिशीत तीच सूट मागायला धैर्य लागतं.

नाव दिलं आणि निवडच झाली नाही तर?

तर तुम्ही मायकेल जॉर्डनच्या रांगेत. १९७८ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, शाळेच्या मुख्य बास्केटबॉल संघाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. त्याला कनिष्ठ संघात घातलं गेलं. ही गोष्ट नेहमी 'त्याला हाकलून दिलं' अशी तिखटमीठ लावून सांगतात. तसं नव्हतं. कनिष्ठ संघात त्याला वर्षभर भरपूर खेळायला मिळालं, जे मुख्य संघाच्या बाकावर बसून मिळालं नसतं. खरी शिकण्यासारखी गोष्ट ही आहे, राग-जिद्द वगैरे नंतर.

म्हणून निवड झाली नाही की एक प्रश्न जरूर विचारा: "मग मी दुसरं काय करू शकतो?" राखीव खेळाडू, गुणलेखक, सरावाला प्रतिस्पर्धी म्हणून उभा राहणारा, असं काही ना काही लागतंच. प्रशिक्षकांना रोज हजर राहणारा मुलगा लक्षात राहतो. काही प्रशिक्षक मात्र तुसडे असतात, "पुढच्या वर्षी बघू" म्हणून पाठ फिरवतात. तिथे दुसरं दार शोधावं; मानापमानात वर्ष घालवू नये.

मला लोकांसमोर यायचंच नाही. माझ्यासाठी काय आहे?

भरपूर, आणि खरं सांगायचं तर मजा तिकडेच जास्त. नाव खोडल्यानंतर दोन वर्षांनी मी नाटकात गेलो तो या दारातून. प्रॉपर्टी सांभाळणारा मुलगा आजारी पडला आणि वर्गातल्या मैत्रिणीने मला जवळजवळ ओढतच नेलं.

प्रॉपर्टी म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या सगळ्या वस्तू: काठी, चष्मा, टेलिफोन, पत्र, कंदील. एका टेबलावर पांढरा कागद अंथरायचा, प्रत्येक वस्तूभोवती पेनाने तिची आकृती काढायची, खाली पात्राचं नाव आणि प्रवेशाचा क्रमांक लिहायचा. वस्तू जागेवर नसली की रिकामी आकृती लगेच दिसते. विंगेतल्या अंधारात हे फार उपयोगी पडतं. प्रयोगाच्या दिवशी तिसऱ्या प्रवेशाआधी पत्राची आकृती रिकामी होती. पात्र रंगमंचावर जायला चार वाक्यं उरलेली. मी खिशात हात घातला, त्यात गणिताच्या चाचणीचा उत्तरपत्रिकेचा कागद होता, पंचवीसपैकी नऊ. तोच घडी घालून दिला. नायिकेने तो उघडला, वाचला आणि रडली. तिला खरंच हसू आवरत नव्हतं, पण प्रेक्षकांना ते हुंदके वाटले.

त्या पाच-सहा आठवड्यांत मी यादी करायला शिकलो, दुसऱ्याच्या चुकीसाठी आधीच तयार राहायला शिकलो, आणि माझ्या वर्गाबाहेरच्या मुलांना पहिल्यांदा नावाने ओळखायला लागलो. प्रॉम्प्टिंग, प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्य रंगवणं, कार्यक्रमपत्रिका, फोटो, हिशेब: पडद्यामागे कामांना तोटा नाही आणि तिथे निवडचाचणी सहसा नसतेच.

अभ्यासाचं काय? गुण कमी होणार नाहीत का?

आधी साधी आकडेमोड. आठवड्याचे तास १६८. तेरा ते अठरा वयाला रोज आठ ते दहा तास झोप हवी असं निद्रातज्ज्ञ सांगतात. नऊ धरले तर ६३ तास. शाळा आणि जाणं-येणं ४२ धरू. उरले ६३. आठवड्यातून दोनदा दीड-दीड तासाचा सराव म्हणजे तीन तास, उरलेल्या वेळाचा विसावा भागही नाही. त्यामुळे 'वेळच नाही' हे सहसा खरं नसतं. वेळ असतो, तो कुठे जातो हे लिहून ठेवलं तर लाज वाटते, एवढंच.

आता दुसरी बाजू. जॅकलिन एकल्स आणि बॉनी बार्बर यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या किशोरवयीन मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपक्रमांत असलेल्या मुलांना शाळा जास्त आवडायची आणि त्यांचे गुणही बरे होते. पण खेळांच्या संघांतल्या मुलांत दारू पिण्याचं प्रमाणही जास्त आढळलं. म्हणजे उपक्रम हे औषध नाही. तुम्ही तिथे कोणाबरोबर असता तेही त्यात आलं. शिवाय मुळातच हुशार आणि उत्साही मुलं उपक्रमांत जास्त जातात, तेव्हा गुण उपक्रमामुळे वाढले असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. "नाटक केल्याने गणित सुधारतं" असं सांगणाऱ्यांकडे मी जरा संशयानेच बघतो. नाटक नाटकासाठी करावं. माझे नऊ गुण वर दिलेच आहेत.

खबरदारीची खूण एकच: झोप. उपक्रमामुळे सलग दोन आठवडे रात्री उशीर होतोय आणि सकाळी उठवत नाही, तर काहीतरी कमी करायची वेळ आली आहे. महत्त्वाच्या परीक्षेच्या वर्षी स्पर्धा सोडून नुसता सराव ठेवणं हा मधला मार्ग बऱ्याच जणांना मानवतो.

एकाच वेळी किती गोष्टी कराव्यात?

एक. फार तर दोन, त्यातली एक अंग हलवणारी.

सुरू करून मध्येच सोडलं तर धरसोड म्हणतील ना?

म्हणू द्या, पण सोडण्याचीही एक रीत आहे. वाईट दिवसाच्या संध्याकाळी सोडू नका. सुरू करतानाच मुदत ठरवा, समजा एक सत्र किंवा दहा सराव. मुदत संपल्यावर, शक्यतो दिवस बरा गेलेला असताना, पुन्हा विचार करा. त्या दिवशीही नकोसं वाटलं तर ते नकोसंच आहे. प्रयोगाला किंवा सामन्याला आठ दिवस राहिले असताना मात्र निघू नये. तिथे इतरांची मेहनत तुमच्यात अडकलेली असते. आणि सरांना तोंडावर सांगून जा. नुसतं यायचं बंद केलं की पुढे वर्षभर त्यांना टाळत जिना बदलावा लागतो.

सोडलेल्या गोष्टीची खंत सहसा टिकत नाही, हेही बघितलंय. "मी महिनाभर तबला शिकलो, नाही जमलं" हे वाक्य माणसं हसत म्हणतात.

आमची शाळा लहान आहे. इथे काहीच नसतं.

मोठ्या शाळेचा हेवा जरा जपून करा. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लहान-मोठ्या शाळांची तुलना मांडली. मोठ्या शाळांत उपक्रमांची संख्या जास्त होती, यात नवल नाही. पण लहान शाळांतल्या मुलांच्या वाट्याला जबाबदारीची कामं कितीतरी जास्त येत होती. साधं आहे: नाटकात दहा पात्रं हवीत आणि वर्गात वीसच मुलं आहेत, तर सगळ्यांनाच बोलावणं येतं. मोठ्या शाळेत बघे जास्त, कारण तुमच्यावाचून कोणाचं अडत नाही.

खरोखरच काही नसेल तर स्वतः सुरू करायला तीन गोष्टी लागतात: एक ठरलेला वार, एक खोली आणि हो म्हणणारे एक शिक्षक. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. शिक्षकांना "आम्हाला क्लब काढायचाय" असं सांगू नका, ते त्यांना वाढीव काम वाटतं. "दर बुधवारी शाळा सुटल्यावर पाऊण तास, आम्ही सहा जण, खोली आम्हीच आवरू, तुम्ही फक्त शेजारच्या खोलीत असा" असं सांगा. भित्तिपत्रक हा सगळ्यात सोपा आरंभ: कागद, डिंक आणि भिंत. पहिला अंक वाचला जातो, दुसरा कोणी बघत नाही, तिसऱ्यापासून मजकूर यायला लागतो. दुसऱ्या अंकाला खचू नका.

प्रमाणपत्रं पुढे उपयोगी पडतात म्हणून भाग घ्यावा का?

घेतलात तर गुन्हा नाही. अर्जात चार ओळी भरायला मदत होते. पण १९७३ मधला एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायची मुळातच हौस असलेली बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे काही दिवसांनी मोकळ्या वेळेत पाहिलं, तर या मुलांनी चित्रांना दिलेला वेळ इतरांच्या सुमारे निम्माच होता. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं होतं, त्यांची हौस शाबूत होती.

म्हणजे बक्षीस मिळालं तर घ्या, पण त्यासाठी जाऊ नका. मुलाखतीत विचारणाऱ्याला प्रमाणपत्रांची जाडी कळत नाही असं नाही, तो "यात तुम्ही नक्की काय केलंत?" असं विचारतो आणि तिथे बरेच जण गडबडतात.

मी पालक आहे. मुलाला ढकलावं की सोडून द्यावं?

दारापर्यंत नेणं तुमचं काम. आत किती वेळ थांबायचं ते त्याने ठरवावं. "दहा वेळा जाऊन बघ, मग नको असेल तर नको" हा सौदा न्याय्य आहे, फक्त अकराव्या दिवशी तो पाळा.

आणि एक तपासून बघा: जे तुम्ही मुलासाठी निवडताय ते तुमचंच राहून गेलेलं तर नाही? असेल तर क्लास तुम्हीच लावा. हे मी थट्टेने म्हणत नाही. मुलाला बासरीचं वेड असलेले वडील नको असतात असं नाही. त्याला स्वतःच्या हातातली बासरी वडिलांची वाटायला नको, इतकंच.

सामना हरून किंवा भाषण फसून आल्यावर घरी येईपर्यंत काही विचारू नका. "छान झालं" नको, "तिसऱ्या मुद्द्याला अडखळलास" तर अजिबात नको. भूक लागली असेल तर ते बघा. बोलायचं असेल तेव्हा तो बोलेल.

आता वय झालं. राहिलेलं भरून काढता येतं का?

काही येतं, काही येत नाही. रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने चित्रकला शिकायला सुरुवात केली ती चाळिशी ओलांडल्यावर, एका चित्रकार मित्राकडून. मोबदल्यात मित्राला भौतिकशास्त्र शिकवायचं ठरलं होतं. पुढे तो चित्रांवर 'ओफे' या टोपणनावाने सही करायचा, म्हणजे बघणाऱ्याने नावाकडे न बघता चित्राकडे बघावं. कला, खेळ, वाद्य, बोलणं, यांना वयाची अट नाही. वेग कमी असतो, एवढं मान्य करून टाका.

परत मिळत नाही ती त्या वयाची टोळी. एकाच वयाची तीस मुलं, रोज, फुकट, एकाच इमारतीत, आणि पाच वाजेपर्यंत कोणालाच दुसरं काही काम नाही, असा योग पुन्हा येत नाही. मोठेपणी चार जणांची तालीम ठरवायची तर तीन आठवडे फोन करावे लागतात. याची थोडी हळहळ राहणारच. तिला औषध शोधू नका. पण कौशल्याची हळहळ आणि टोळीची हळहळ वेगळी करून बघा. बऱ्याच जणांना गाणं शिकायचंच नसतं, त्यांना त्या मुलांत बसायचं होतं. तसं असेल तर गाण्याचा क्लास लावून उपयोग नाही. हौशी मंडळात जा, आणि जुन्या वर्गातल्या ज्या कोणाला कधी बोलला नाहीत त्याला फोन करा.

मी अजून शाळेतच आहे. उद्या नेमकं काय करू?

मधल्या सुट्टीत ज्या सरांकडे किंवा बाईंकडे तो उपक्रम आहे त्यांना गाठा. "भाग घ्यायचाय" असं म्हणायला जड जात असेल तर म्हणू नका. "सराव कधी असतो, आणि एक दिवस नुसतं बसून बघितलं तर चालेल का?" एवढं विचारा. याला नाही म्हणणारे शिक्षक मी अजून पाहिले नाहीत. बघायला गेलात की अर्ध्या तासात कोणीतरी "हे जरा धर" म्हणेल. धरा. आणि बूट घालून यायचं की अनवाणी, तेही आधीच विचारून ठेवा. पहिल्या दिवशी मी ते विचारलं नव्हतं.